धाकट्याला रोज एक मेल

सकाळी पावणेआठला लॅबचं कुलूप काढलं की दादा चपला दाराशी काढायचा, मागच्या खोलीत जाऊन मशीनच्या पाठीवर हात ठेवून ते किती तापलंय ते बघायचा, आणि मग खुर्ची ओढून धाकट्या भावाला एका ओळीचा मेल टाकायचा. चहा त्यानंतर.

मेलमध्ये लिहिण्यासारखं काही नसायचंच. ‘उठलास का रे कुंभकर्णा?’ किंवा ‘आज कितीजण ठोकणार?’ धाकटा गाडी चालवायला शिकवायचा. दोन जुन्या गाड्या, मास्तरच्या पायाशी जादा ब्रेक, आणि गोदामांमागचं मोकळं मैदान, एवढ्यावर त्याचं ड्रायव्हिंग स्कूल उभं होतं. दोन मिनिटांत त्याचं उत्तर यायचं: ‘पोचला. काल एका काकांनी गाडी दुभाजकावर चढवली आणि मलाच विचारलं, हा इथे कधी बांधला?’ दादा एकटाच खुदकन हसायचा आणि चहा ठेवायला उठायचा.

ही गंमत नव्हे बरं का, ही रोजची तपासणी होती. धाकट्याचा पत्ता मोठ्या कंपनीकडचा, म्हणजे जिच्याकडे अख्ख्या जगाचे असतात त्या कंपनीकडचा. लॅबचा मेल मात्र दादाच्या हातच्या मशीनवरून निघायचा. त्याने ते मशीन स्वतः जोडलं होतं, स्वतः सांभाळलं होतं, आणि त्याच्याबद्दल कुणी वावगं बोललेलं त्याला खपायचं नाही. इथून निघालेला मेल मोठ्या कंपनीच्या दारातून आत जातोय की नाही, हे रोज बघायला घरचंच माणूस बरं, असं त्याने ठरवलं होतं. सहा वर्षांत धाकट्याचं ‘पोचला’ एकदाही चुकलं नव्हतं.

लॅब होती गाठी तपासायची. सर्जन लोक शरीरातला तुकडा काढून छोट्या बाटलीत पाठवायचे. लॅबच्या डॉक्टर मॅडम तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या आणि साधा की वाईट ते लिहून द्यायच्या. मॅडमचा एक नियम होता. बाटलीवर नुसता नंबर पाहिजे, नाव नको. नावं काउंटरवरच्या ताईच्या रजिस्टरात. “नाव दिसलं की डोळा आधीच काहीतरी ठरवून बसतो,” त्या म्हणायच्या. “मला माणूस दाखवू नका, पेशी दाखवा.” रिपोर्टही थेट सर्जनला जायचा, पेशंटच्या हातात कधीच नाही.

दादाचाही एक नियम होता. मशीनमधून जाणारं काहीही तो उघडून बघायचा नाही. मोठी कंपनी सगळ्यांचं सगळं वाचते, हे त्याचं पेटंट भाषण. ते लॅबमध्ये सगळ्यांना पाठ झालं होतं आणि तो सुरू झाला की ताई हळूच रजिस्टर घेऊन आत जायची. मॅडम त्याला ‘आमचं टपालखातं’ म्हणायच्या. पण त्यासुद्धा अधूनमधून विषय काढायच्या.

“दादा, सगळे सर्जन त्या कंपनीकडे आहेत. आपणही जाऊ या का? तुमच्या डोक्याचा ताप कमी होईल.”

“जाऊ ना. आणि उद्या त्यांनी दार लावलं तर? कोपऱ्यावरच्या फोटोग्राफरचं काय झालं, माहीत आहे ना? बारा वर्षांचे मेल, सगळी गिऱ्हाइकं, एका सकाळी बंद. कारण नाही, नोटीस नाही. दाद मागायला माणूसच नाही हो तिथे, भिंतीशी बोलायचं. इथे काही बिघडलं तर तुम्ही मला कान धरून उठवू शकता.”

मॅडम विषय तिथेच सोडून द्यायच्या, कारण फोटोग्राफरची गोष्ट खरी होती. एवढंच नाही, दादाच्याच आग्रहावरून लॅबने आणखी एक गोष्ट बंद केली होती. पूर्वी शिपाई छापील रिपोर्ट घेऊन दवाखान्यांत जायचा आणि वहीवर सही घेऊन यायचा. दादाने मॅडमना आपल्या मशीनची नोंद दाखवली. “हे बघा. मेल गेला की समोरच्या मशीनकडून उत्तर येतं, ‘घेतला’. तारीख, वेळ, सेकंदासकट. वहीवरची सही खोटी करता येईल, ही नाही करता येत.” शिपायाला दुसरं काम दिलं, वही कपाटात गेली.

अकरा आठवड्यांपूर्वी धाकट्याच्या मानेतून एक गाठ काढली. उजव्या कानाखाली, बोराएवढी. दोघे भाऊ एकाच इमारतीत वरखाली राहायचे, त्यामुळे संध्याकाळी दादा भेटायला गेला तर धाकटा पट्टी लावून ऐटीत बसला होता.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“तपासायला पाठवतो म्हणाले. काही असलं तर फोन करू. आठवड्यात फोन नाही आला तर खुशाल गाड्या हाक.”

“कुठल्या लॅबला?”

“दुसरी कुठली? तुमच्याच.”

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा उतरलेला. “दादा, तुम्हीच बघा ना जरा. सगळं तुमच्याच मशीनमधून जातं की.”

दादाने मान हलवली. “अगं, मी एकाचा रिपोर्ट उघडला ना, की त्या कंपनीत आणि माझ्यात काय फरक राहिला? आणि मॅडमना विचारायची सोय नाही, त्यांना नाव ठाऊकच नसतं.”

“घरचं माणूस आहे हो.”

“म्हणूनच नाही.”

“जाऊ दे ग,” धाकटा म्हणाला. “त्याला पेचात टाकू नकोस. डॉक्टरांना कळेल की. दादाच्या मशीनवरून जाणार आहे, कुठे गहाळ होतंय?”

आठवडा गेला, फोन आला नाही. टाके काढायला धाकटा गेला तेव्हा डॉक्टर बाहेरगावी होते. नर्सने टाके काढले आणि जखम छान भरलीये म्हणाली. येताना धाकट्याने भलंमोठं कलिंगड आणलं आणि वरखाली दोन्ही घरांत वाटलं. दादाला हायसं वाटलं आणि त्याने तो विषय मनातून काढून टाकला. पुढे त्याने स्वतःला जे जे बोल लावले, त्यात हा पहिला होता.

त्या दिवसांत लॅबमध्ये काही बारीकसारीक गोष्टी घडत होत्या. काउंटरवरचा फोन जास्त वाजायला लागला होता. कपाटातली सहीची वही एक दिवस ताईच्या टेबलावर दिसली. दादाने विचारलं तर “असू दे, लागते कधी कधी” म्हणून तिने ती खाली सरकवली. दोन मोठ्या रुग्णालयांचे मेल मात्र नेमाने येत-जात होते. त्यांची स्वतःची मशीनं होती, दादासारखीच. धाकट्याचं ‘पोचला’ रोज येत होतं. दादाला शंका यायला जागाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर शंका यावी अशी त्याची इच्छाही नव्हती.

मंगळवारी साडेदहाला घशाच्या डॉक्टरीणबाई स्वतः लॅबमध्ये आल्या. एरवी त्या फोनवरसुद्धा कुणाशी आवाज चढवून बोलायच्या नाहीत. आज आल्या त्या थेट काउंटरवर पर्स आपटूनच.

“माझ्या पेशंटचा रिपोर्ट तीन आठवडे झाले तरी नाही. तुम्ही लोक झोपलात का?”

ताई काही बोलायच्या आत दादा बाहेर आला. “नंबर सांगा.” त्याने नोंद काढली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. “हे बघा. एकवीस दिवसांपूर्वी, दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी तुमच्याकडे गेला. तुमच्या कंपनीने ‘घेतला’ म्हणून सांगितलंय.”

“माझ्याकडे नाही आला.”

“आलाय, डॉक्टर. तुमच्या माणसांनी बघितला नसेल.”

त्यांनी मोबाइल पुढे केला. “पाठवा आत्ता. माझ्यासमोर.”

दादाने पाठवला. समोरून लगेच ‘घेतला’ आलं. त्याने विजयी मुद्रेने वर बघितलं. डॉक्टरीणबाईंच्या फोनवर काहीच आलं नव्हतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग त्यांनी स्पॅमचा कप्पा उघडला. लॉटरी लागल्याचे, केस उगवण्याच्या तेलाचे आणि परदेशातल्या कुठल्याशा विधवेचे मेल होते. त्यांत सगळ्यात वर लॅबचं नाव होतं. त्याखाली आणखी एक, त्याखाली आणखी दोन. “तुमच्या मशीनला कळवा,” त्या म्हणाल्या. “हा कप्पा तीस दिवसांनी आपोआप रिकामा होतो.”

छापील रिपोर्ट घेऊन त्या गेल्या. दादा तिथेच उभा राहिला. मग त्याने ताईचा फोन मागितला आणि तिच्या पत्त्यावर मेल टाकला. स्पॅम. झाडूवाल्या मावशींच्या मुलीच्या पत्त्यावर, स्पॅम. शेजारच्या चष्मेवाल्याला हाक मारून त्याच्या पत्त्यावर, स्पॅम. चष्मेवाला म्हणाला, “तुमच्या नावाने फसवणूक होतेय की काय?” दादाने त्याला घालवून दिलं आणि धाकट्याला फोन लावला.

“आज सकाळचा मेल तुला कुठे दिसला?”

“कुठे म्हणजे? नेहमीसारखा, सगळ्यात वर. का रे?”

“काही नाही. काम कर.”

फोन ठेवता ठेवताच दादाला कळलं. तो खुर्चीवर बसला. सहा वर्षं रोज धाकट्याने त्याचा मेल उघडला होता, रोज उत्तर दिलं होतं. मोठ्या कंपनीच्या मशीनने ते बघून ठेवलं होतं: हा माणूस या माणसाचा आहे, याचं पत्र यालाच हवं असतं. म्हणून जगातल्या बाकी सगळ्यांसाठी दादाचा मेल कचरा ठरला, तरी त्या एका पत्त्यावर तो रोज सकाळी थाटात सगळ्यात वर जाऊन बसत होता. जी तपासणी तो इतक्या निष्ठेने करत होता, तिनेच स्वतःला निकामी केलं होतं. त्याने रोज एकाच दारावर टकटक केली होती, आणि ते दार त्याच्या भावाचं होतं.

कारण शोधायला त्याला अर्धा तास लागला. लॅबच्या मशीनचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता ज्या भाड्याच्या रांगेतला होता, त्याच रांगेतल्या शेजारच्या तीन पत्त्यांवरून कुणीतरी फसवणुकीचे लाखो मेल सोडले होते. मोठ्या कंपनीने सगळ्या रांगेवरच काट मारली होती. कधी? बारा आठवड्यांपूर्वी. दार लावल्याचं सांगितलं मात्र नव्हतं. तोंडावर ‘घेतला’ म्हणायचं आणि आत नेऊन कचऱ्यात टाकायचं, असं चाललं होतं. दादाने त्यांच्या तक्रारीच्या पानावर सगळं लिहिलं, लॅब कसली आहे तेही लिहिलं. चार मिनिटांत उत्तर आलं. ‘आपल्या मेलच्या वितरणात आम्हाला सध्या कोणतीही अडचण आढळलेली नाही. हे उत्तर आपोआप पाठवलेले आहे. कृपया यास उत्तर देऊ नये.’

तो मॅडमच्या खोलीत गेला आणि जे होतं ते सांगितलं. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “यादी काढा. ताईला बोलवा, रजिस्टर घेऊन.”

बारा आठवड्यांत मोठ्या कंपनीकडच्या पत्त्यांवर दोनशे चौदा रिपोर्ट गेले होते. ताईने पेन घेतलं आणि एकेक खोडायला सुरुवात केली. ज्यांनी ‘मिळाला नाही’ म्हणून फोन केले होते, त्यांना ती गुपचूप छापून, शिपायाबरोबर सहीच्या वहीसकट पाठवत होती.

“मला का नाही सांगितलंस?” दादा म्हणाला.

ताईने मान वर केली नाही. “मागे एकदा सांगितलं होतं. तुम्ही मला अर्धा तास ती नोंद दाखवलीत. म्हणालात, तो डॉक्टर आळशी आहे.”

दादाला ते आठवलं. तो अर्धा तास त्याने मोठ्या आनंदात घालवला होता.

एकसष्ट उरले. ज्यांनी फोनच केला नव्हता ते. ज्यांना वाटलं, काही नसणार म्हणून काही आलं नाही. मॅडमनी आपली वही उघडली. ताई यादीतला नंबर वाचायची, मॅडम वहीत बघून सांगायच्या. साधी. साधी. नुसती सूज. साधी. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी आपली बाटली घेऊन थांबलं होतं. दादा भिंतीला टेकून उभा होता आणि मनातल्या मनात दिवस मोजत होता. मोजायची गरज नव्हती, तरी मोजत होता. एकोणिसावा नंबर वाईट निघाला, कुणा बाईंच्या स्तनातली गाठ. तिसावा वाईट, पोटातली.

“चारशे अठरा,” ताई म्हणाली.

मॅडमनी पान उलटलं. “मानेतली. उजवी बाजू.” त्यांचं बोट ओळीवर थांबलं. “ही वाईट आहे. हिच्यावर मी लाल पेनाने लिहिलं होतं. कापल्या कडेला थोडं राहिलंय, तीन आठवड्यांच्या आत परत उघडून काढा, म्हणून. नाव काय आहे हिचं?”

ताईने रजिस्टरात बघितलं. तिचे ओठ हलले, पण ते नाव तिने मोठ्याने वाचलं नाही. तिने रजिस्टर मिटलं आणि दादाकडे बघितलं.

“दादा,” ती म्हणाली. “आडनाव तुमचं आहे.”

मॅडम उठून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत दादाने त्यांना कुणासाठी उठताना बघितलं नव्हतं. “बाकीच्यांना मी फोन करते,” त्या म्हणाल्या. “त्याच्या सर्जनलाही करते, आजच्या आज बेड मिळवते. तुम्ही जा. फोनवर सांगू नका.”

“दहा आठवडे झाले, मॅडम.”

“मला मोजता येतं,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला. “जा तुम्ही.”

गोदामांमागचं मैदान लॅबपासून चालत पंधरा मिनिटांवर. दादा चालत गेला. रिक्षा केली असती तर लवकर पोचला असता, आणि लवकर पोचायची त्याच्यात हिंमत नव्हती. वाटेत तो स्वतःशी वाक्यं जुळवत होता. कंपनीने असं केलं. शेजारच्या पत्त्यांनी तसं केलं. डॉक्टरांनी स्वतःहून विचारायला हवं होतं. सगळी वाक्यं खरी होती, आणि एकही भावाला सांगण्यासारखं नव्हतं.

मैदानात धाकटा निवृत्त शिक्षिकाबाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होता. बाई स्टिअरिंगला घट्ट धरून बसल्या होत्या आणि गाडी बोटभर सरकली की “आई ग” म्हणत होत्या. दादाला बघून धाकट्याने हात हलवला. मग त्याचा चेहरा बघून तो गाडीतून उतरला.

“काय रे? वहिनीची तब्येत बरी आहे ना?”

“तुझा रिपोर्ट डॉक्टरांना पोचलाच नाही,” दादा म्हणाला. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही. “गाठ वाईट होती. परत ऑपरेशन करायला हवं होतं, तेव्हाच. माझ्या मशीनचे मेल कुणालाच पोचत नव्हते.”

धाकटा हसला. थट्टा चालली आहे असं समजूनच हसला. “मला तर रोज पोचतात.”

“तुलाच पोचत होते.”

धाकट्याने ते ऐकलं. त्याचा हात हळूहळू मानेकडे गेला. टाक्यांच्या वणाच्या खाली बोटं गेली आणि तिथेच राहिली. मग तो पुढे आला, दादाचा हात धरून त्याने वर घेतला आणि त्याचं बोट तिथे टेकवलं.

“महिना झाला असेल,” तो म्हणाला. “ही रोज मागे लागते, दाखवून या म्हणून. मी म्हटलं, पहिली साधी निघाली, ही पण साधीच असणार. काही असतं तर दादाच्या मशीनवरून गेलं असतं ना.”

गाठ वाटाण्याहून मोठी होती. दादाने बोटाने ती जरा हलवून बघितली. ती जागची हलली नाही. गाडीतल्या बाईंनी काच खाली केली आणि विचारलं, “सर, इंजिन बंद करू का?”

“दुखत नाही रे अजिबात,” धाकटा म्हणाला. दादाला धीर द्यायला तो तसं म्हणाला. ते दादाला समजलं, आणि त्याला भर मैदानात रडू फुटलं.